बोअरचं पाणी आणि माझा फेस

मित्रांनो, मी अकोल्याच्या एका कॉलेजातलं फेसावर दगड तरंगवणारं जुनं यंत्र आहे. शिकल्यासवरल्या माणसांबद्दल माझं मत काही चांगलं नाही, ते आधीच सांगून टाकतो.

माझं काम साधं. दगडाची पिठासारखी पूड पाण्यात घुसळायची आणि खालून हवा सोडायची. फ्लोराइट आणि कॅल्साइट ही दोन खनिजं माझ्याकडे एकत्र येतात. दोघांतही कॅल्शियम, अगदी सख्खे भाऊ. मग तेलापासून काढलेलं ओलेइक आम्ल टाकतात. ते फ्लोराइटच्या कणाला चिकटतं आणि तो कण बुडबुड्याला धरून वर येतो. कॅल्साइटलाही ते चिकटायला बघतं, म्हणून दुसरं एक औषध घालून त्याला तळाशी दाबायचं. पूर्वी पाहुणे आले की विभागप्रमुख अद्वैत सर मलाच पुढे करायचे.

पुढे नळाचं पाणी कमी पडलं आणि सरांनी मला बोअरचं पाणी लावलं. अहो, हा खारपाणपट्टा, जमिनीखाली सगळं खारं पाणी! या पाण्यात साबणाला फेस येत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. माझं आम्ल म्हणजे साबणाचाच भाऊबंद, पण या डॉक्टरेटवाल्याच्या डोक्यात ते शिरेल तर शपथ. पाण्यातले क्षार आम्ल गिळायचे, वर फाटल्या दुधासारखा चोथा यायचा आणि सर म्हणायचे, "मशीन म्हातारी झाली." वा रे विद्वान!

रागिणी माझ्यावरच प्रबंध करत होती. मी भंगारात गेलो असतो तर तिची सगळी मेहनत मातीत. तरी सरांनी भंगारवाल्या परवेजला बोलावलंच. तो दोर घेऊन दारात उभा राहिला.

"सर, शेवटचं एकदा चालवून पाहू द्या मले," रागिणी म्हणाली.

"बघ. पण लवकर आटप."

तिनं हात धुवायला घेतले. साबणाचा नुसता चोथा झाला. ती हातांकडे बघतच राहिली. मग तिनं कोपऱ्यातला आरओच्या पाण्याचा कॅन उचलला आणि बोअरच्या पाण्याऐवजी तोच माझ्यात ओतला.

"अगं, ते माझ्या चहाचं पाणी!" सर ओरडले.

मी घुसळायला लागलो आणि फेस आला! जाड, चमकदार, फ्लोराइटनं लगडलेला. मला रडूच आलं असतं.

"सर, हे तं जिंदी हाय मशीन," परवेज म्हणाला. "इले कायले इकता?" आणि दोर गुंडाळून तो चालता झाला.

सरांनी घसा साफ केला. "मी म्हणतच होतो, मशीन उत्तम आहे. पण उद्यापासून बोअरचंच पाणी घाल. चहाचं पाणी असं वाया घालवू नकोस."

कसली ही विद्वानांची लाज नसलेली जात! रागिणीनं कॅन माझ्याजवळ ओढून घेतला.

"मंग सर, उद्यापासून बोअरच्या पाण्याचा चहा पेत जा तुमी. कॅन इथंच राहीन."

मित्रांनो, यंत्राला पुसता, तेल घालता, तुमचे उपकार. पण त्याला नावं ठेवण्याआधी त्याच्या पोटात काय ओतता, ते एकदा चाखून बघा. सरांनी दुसऱ्या दिवशी चाखलं. पहिल्याच घोटाला थुंकले.