वजन कुठं बसवायचं

रविवारी जेवणं झाल्यावर अप्पांनी भाजलेल्या शेंगांचं ताट आमच्यामध्ये ओढलं आणि म्हणाले, "हं, आता नीट सांग. चारी चाकं ओढणारी बरी, का मधी इंजिन असणारी?"

मी पुण्यात मोटारींच्या एका मासिकात काम करते. नव्या गाड्या चालवायच्या आणि त्या कशा चालतात ते लिहायचं. त्या आठवड्यात ट्रॅकवर दोन स्पोर्ट्स कार चालवून मी थेट परंड्याला आले होते. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, इथं कापडाचं दुकान. आयुष्यात त्यांनी एकच गाडी घेतली, उघडी फोर-बाय-फोर जीप, तीही दुसऱ्याची वापरलेली. पण माझं मासिक ते दुकानाच्या गादीवर बसून पहिल्या पानापासून वाचायचे आणि गिऱ्हाइकाला कापड फाडून देता देता टॉर्क समजावून सांगायचे.

"आकडे नकोत," ते म्हणाले. "ते मी वाचीन. अंगाला काय कळतं ते सांग."

"चारी चाकांची गाडी भरवशाची, अप्पा. ओल्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिला तरी जमीन सोडत नाही. आपलं चुकलं तर आधी सांगते. तिचं नाक वळणाबाहेर जायला लागतं, तेवढ्यात सावरता येतं."

"म्हंजे भावकीसारखी. पडू देत न्हाय, पण मनासारखं वळूबी देत न्हाय." ते स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाले. "आन् दुसरी?"

"तिचं इंजिन सीटच्या मागं, पाठीला लागून. जड ते सगळं दोन्ही चाकांच्या मध्ये. वळायचं नुसतं मनात आणलं की वळते. रस्ता हाताला कळायच्या आधी पाठीला कळतो."

आई आतून ताक घेऊन आली होती. "कळशी कडंवर घेतली की बाई कशी गर्रकन वळती, तसंच की. हात लांब करून धरली की तीच कळशी बाईला फिरवती."

"बघ! हिला घे तुमच्या मासिकात."

"पण वळणात मध्येच घाबरून पाय काढला," मी म्हणाले, "तर मागची बाजू पुढं येते. न सांगता."

अप्पा शेंग फोडायचे थांबले. "आली व्हती?"

"आली होती."

"मग?"

"सावरली."

"मजा आली का?"

"आली."

हे शेवटचं उत्तर मी नेहमी तेच द्यायचे. मी चौदा वर्षांची असताना त्यांनी मला नांगरलेल्या रानात जीपच्या स्टिअरिंगवर बसवलं आणि संध्याकाळी पारावर जाहीर केलं, की माझी शिवांजली कशाला भीत न्हाय. तेव्हापासून हे वाक्य त्यांच्या तोंडात बसलं. पाहुण्यांना सांगायचे, डॉक्टरला सांगायचे, गिऱ्हाइकाला तर सांगायचेच. ट्रॅकवर जायच्या आदल्या दिवशी माझ्या गळ्याखाली घास उतरत नाही, आणि हेल्मेट काढल्यावर हात कुणाला दिसू नयेत म्हणून मी ते खिशात घालते, हे त्यांना मी कधी सांगितलं नाही. ते वाक्य बोलताना ते इतके उजळ दिसायचे की मला ते मोडवत नव्हतं.

"मग लिहिणार काय?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही आपापल्या जागी चांगल्या, असं."

"हॅट. असं तर लग्न जमवणारे बोलत्यात."

आई हसली. मीही हसले. चार वाजता मी निघाले. ते दुकानात होते, गिऱ्हाईक होतं. हातातला कापड मोजायचा गज वर करून त्यांनी मला निरोप दिला.

सोमवारी सकाळी दुकान उघडताना ते शटरशी खाली बसले, ते उठले नाहीत. मी पुण्यात गाडी धुवायला दिली होती.

मंगळवारी माती द्यायची ठरली. आम्हा लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत. न्हाऊ घालून, कपाळाला विभूती लावून, मांडी घालून बसवतात. फुलांनी सजवलेल्या लाकडी मखरात, त्याला विमान म्हणतात, बसूनच माणूस शेतात जातो आणि बसूनच मातीत. आमची जमीन सोनारीच्या वाटेला आहे, माझ्या आजोबांची समाधीही तिथंच. एरवी विमान ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर नेतात. पण परतीच्या पावसानं वाटेवरची काळी माती फुगली होती, आणि खड्डा खणायला सकाळी गेलेला ट्रॅक्टर ओढ्याच्या अलीकडंच रुतून बसला होता.

"जीपच जाईल," गुंडाप्पा काका म्हणाले. अप्पांचे धाकटे भाऊ. "पण ती दांड्याची भानगड दादाशिवाय कुणाला जमती?"

चारी चाकांना ताकद देणारा छोटा दांडा त्या जीपमध्ये एका ठरावीक ठिकाणी दाबून, मग ओढावा लागतो. ते अप्पांना जमायचं आणि मला.

"पोरगी घिऊन जाणार बापाला?" चन्नबसप्पा आजोबा म्हणाले. ते भावकीतले सगळ्यांत थोरले. "गुंडाप्पा, लोक काय म्हणतील?"

"चिखलात ढकलायला येणार असतील तर म्हणू द्या की लोकांना."

विमान जीपच्या अगदी शेवटाला बांधलं गेलं, तोंड मागं करून. मागून भजन म्हणत येणाऱ्यांना अप्पांचा चेहरा दिसला पाहिजे, म्हणून. धरायला काका आणि आणखी चौघंजण मागच्या फळीवर उभे राहिले. मी ते बांधताना पाहिलं होतं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी अप्पांच्या फेट्याकडं बघत होते. काकांनी तो जरा वाकडा बांधला होता.

डांबरी रस्ता होता तोवर काही वाटलं नाही. मागून टाळ वाजत होते, दुकानदार दारात येऊन हात जोडत होते. शेताच्या वाटेला लागलो आणि स्टिअरिंग हातात हलकं झालं. मी डावीकडं वळवलं, जीप सरळच गेली. पुन्हा वळवलं. पुढची चाकं चिखलावर नुसती घसरत होती, आणि समोर पाटाची चारी होती, पाण्यानं भरलेली. मी पाय हळू काढला, जीप काठावर थांबली. मागं कुणीतरी ओरडलं. वळून पाहिलं तर अप्पांची मान काकांच्या दंडावर कलंडली होती.

मी खाली उतरले. "विमान पुढं घ्यायचं. माझ्या सीटला लागून."

"काय?" चन्नबसप्पा आजोबा म्हणाले. "बसवलेल्या माणसाला वाटंत सोडत्यात व्हय? काय रीत हाय का न्हाय?"

"ओढ्यात पडले तर?"

मागचे टाळ थांबले.

"आजोबा, सगळा भार मागच्या चाकाच्याही मागं गेलाय. पुढची चाकं टेकतच नाहीत. गाडी उलाळ झालीय."

आजोबांनी जीपच्या चाकांकडं पाहिलं. उलाळ हा शब्द बैलगाडीचा. मागं जास्त भरलं की जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. त्यांचं अर्धं आयुष्य बैलगाडीत गेलेलं.

"उलाळ झाली व्हय," ते म्हणाले. "मग असं मराठीत सांगायचं की आधी!" आणि धोतर खोचून तेच पहिले वर चढले. "सोडा रे दोर. गुंडाप्पा, मान धर. तुमी चौघं उतरा खाली, लई जेवलेले हाय तुमी."

त्यांनी अप्पांना उचललं तेव्हा मी चारीतल्या पाण्याकडं बघत उभी राहिले. मग हाक आली.

विमान आता माझ्या सीटच्या पाठीला टेकून बांधलं होतं. अप्पांचं तोंड लोकांकडं, माझं ओढ्याकडं. आमच्या पाठींमध्ये एक पत्रा आणि विमानाची फळी, एवढंच. आजोबांनी काकांना तेवढं शेजारी उभं राहू दिलं.

दांडा दाबला, ओढला. बसला. जीप मागं घेतली, डावीकडं वळवलं, आणि ती वळली.

स्टिअरिंगला पुन्हा जमीन लागली होती. चारी चाकं आपापल्या जागी माती धरत होती, आणि जड ते सगळं मधोमध होतं, माझ्या पाठीशी. असं मी कुठल्याच गाडीत चालवलं नव्हतं. खड्डा आला की आधी माझ्या पाठीला कळायचं. विमान जरासं दाबायचं, मग सोडायचं. दर वेळी वाटायचं, काहीतरी सांगतायत.

ओढ्यात अर्धं चाक पाणी होतं. मधोमध डावं चाक दगडावर चढलं आणि जीप उजवीकडं कलली. पाठीमागचं वजन सरकल्याचं जाणवलं. पाय काढावा असं सगळ्या अंगानं सांगितलं. काढला असता तर इंजिन तिथंच बंद पडलं असतं. मी पाय होता तसाच ठेवला, ना कमी ना जास्त. दात आवळल्यानं कानात आवाज येत होता. दगड सुटला, जीप खाली बसली, विमान माझ्या पाठीवर टेकलं आणि आम्ही वर निघालो, पलीकडच्या तुरीत.

आंब्याखाली पोरांनी कुदळीनंच खड्डा खणून तयार ठेवला होता. विधी करणारे स्वामी ओल्या धोतरानं उभे होते, बेलाची पानं आणि विभूती घेऊन. मी अगदी कडेला नेऊन जीप उभी केली आणि इंजिन बंद केलं. मागचे लोक ओढा ओलांडून आले.

"पोरी, उतर," काका म्हणाले. "आता आमच्याकडं दे."

माझे हात स्टिअरिंगवरून निघेनात. आजोबा पुढं आले, चिखलानं गुडघ्यापर्यंत भरलेले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझा बाप, कल्याणप्पा, खोटं बोलत नव्हता. वाघीण हाय ही. जरासुदिक भ्याली न्हाय."

आजूबाजूच्यांनी माना डोलावल्या. काकांनी पहिली दोरी सोडली. फळी माझ्या सीटपासून थोडी सुटली आणि पाठीला वारा लागला.

"थांबा," मी म्हणाले.

ते थांबले. मी मागं वळले नाही. पाठ फळीला टेकेपर्यंत मागं सरकले आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

"अप्पा, मला भीती वाटते. आत्ता वाटली, ट्रॅकवर पण वाटते. पहिल्यांदा तुम्ही रानात जीपवर बसवलंत तेव्हापासून, दर वेळी वाटते."