दुसऱ्याच्या नावावरची दाद

क्युरेटरबाईंनी सरकत्या लाकडी पडद्याला खांदा लावला आणि तो आणखी हातभर पुढे रेटला. चाकं कुरकुरली. पलीकडून ढकलणारा संग्रहालयाचा सुतार थांबला, कपाळावरचा घाम पुसत त्याने दालनावरून नजर फिरवली.

“बाई, त्यापेक्षा मधोमध भिंतच बांधतो. एकदाचं होऊन जाईल.”

“तिकडचा चौथरा इकडून दिसतोय का, तेवढं सांगा.”

“दिसत नाही. पण बोललेलं ऐकू येणार, त्याचं काय करता?”

त्याचं म्हणणं खरं होतं. बाईंनी पडदा आणखी बोटभर रेटला.

शहरातल्या कलाकारांचं वार्षिक प्रदर्शन आजवर दोन दालनांत भरत आलं होतं. उत्तरेकडच्या दालनात चित्रं, रस्त्याकडच्या दालनात शिल्पं, आणि दोन्हींच्या मध्ये एक लांबलचक व्हरांडा. यंदा उत्तरेकडच्या छताचा गिलावा कोसळला आणि ते दालन बंद झालं. म्हणजे सगळं एकाच खोलीत आलं. म्हणजे ताई आणि भाऊही एकाच खोलीत आले.

ताई चित्रकार, भाऊ लाकडातले शिल्पकार, आणि दोघं सख्खी भावंडं. शहरात कुंचला नाहीतर पटाशी धरणाऱ्या निम्म्या लोकांना या दोघांपैकी कुणीतरी शिकवलेलं, त्यामुळे सगळ्या गावाच्याच त्या ताई आणि ते भाऊ झाले होते. एकमेकांशी मात्र विळ्या-भोपळ्याचं सख्य. त्यांचे वडील लाकडावर कोरीवकाम करायचे. ते गेले तेव्हा एक घोडा अर्धवट राहिला होता. भाऊंनी तो पूर्ण केला आणि मोठ्या उमेदीने बहिणीला दाखवला. ताईंनी चारही बाजूंनी बघून घेतला आणि म्हणाल्या, “बाबांचा घोडा तू मारलास.” त्या दिवसापासून जो अबोला सुरू झाला, तो दोघांचे केस पिकले तरी संपला नव्हता.

बाई संग्रहालयात लागल्या त्याच्या आधीची ही गोष्ट. पहिल्याच दिवशी जुन्या संचालकांनी ती त्यांना सांगितली होती आणि वर बजावलंही होतं, “आपण भिंत द्यायची, मत द्यायचं नाही.” बाईंनी ते निमूटपणे पाळलं. कुणाचे रंग वेळेवर वाळत नाहीत, कुणाला जिना चढवत नाही, कोण दरवर्षी फ्रेमवाल्याच्या नावाने बोटं मोडतो, हे सगळं त्यांना पाठ होतं. नव्या चित्रकारांची पहिली चित्रं त्यांनी स्वतः टांगली होती, काहींची शेवटचीही. पण कुणाच्याही कामाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. बाईंचा चेहरा म्हणजे कोरा कॅनव्हास, असं कलाकार आपसांत म्हणायचे.

एकदा भाऊ एका स्त्रीची मूर्ती परत न्यायला आले होते. प्रदर्शन अजून उघडायचं होतं.

“जिने बघावं ती बघत नाही,” ते म्हणाले होते. “मग मांडायचं कशाला?”

बाईंच्या तोंडून निघून गेलं, “ताई काल येऊन गेल्या. म्हणाल्या, ही बाई पाठीमागून बघायला हवी. पाठ बघूनच कळतं किती दमली आहे ते.”

ताई आल्या नव्हत्या. ते मत बाईंचंच होतं. भाऊ मूर्तीच्या मागे जाऊन उभे राहिले आणि मग ती तिथेच ठेवून घरी गेले. पुढच्या वर्षी ताईंनी चित्र देणार नाही असा हट्ट धरला, तेव्हा बाईंनी भाऊंच्या नावावर दोन वाक्यं सांगितली. मग ती सवयच होऊन बसली. दरवर्षी दोन वाक्यं इकडे, दोन तिकडे. खोट्याच्या कपाळी गोटा, हे बाई जाणून होत्या. पण गोटा बसायचा तर मध्ये व्हरांडा होता.

आता व्हरांडा नव्हता. दोघं समोरासमोर आली आणि एक शब्द जरी बोलली, तरी सगळं उघडं पडणार होतं. आणि मग या शहरातल्या कुठल्या कलाकाराने बाईंच्या शब्दावर विश्वास ठेवावा? नोकरी टिकली असती. पण विश्वास गेल्यावर त्या नोकरीत उरतं काय, हे बाईंना कळत नव्हतं. म्हणून त्यांनी ताईंना सकाळी बोलावलं होतं आणि भाऊंना दुपारनंतर.

ताई वेळेवर आल्या. चित्र होतं एका खोलीचं, दिवा लावायच्या थोडं आधीचं. फ्रेम सरळ बसली का, ते बाई तिच्यावर पाणसळ धरून बघत होत्या, एवढ्यात फाटकात टेम्पो थांबल्याचा आवाज आला आणि सुतार धावत आत आला.

“बाई, भाऊ आले! टेम्पोवाल्याला दुपारी दुसरीकडे जायचंय म्हणे.”

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. ताईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि जागच्या हलल्या नाहीत. दोन हमालांच्या मागोमाग भाऊ आत आले. चादरीत गुंडाळलेली मूर्ती चौथऱ्यावर चढली, हमाल गेले. पडद्याच्या अलीकडे बहीण आणि पलीकडे भाऊ उभा राहिला. पडदा केवढा, तर उंच माणसाचं डोकं वरून दिसेल एवढा. भाऊ उंच होते.

“बाई,” ताई मोठ्याने म्हणाल्या, “जरा विचारा त्यांना. गेल्या वर्षी माझ्या जिन्याच्या चित्राबद्दल काय म्हणाले होते?”

बाईंनी पाणसळ खाली ठेवली.

“मी?” पडद्यावरून आवाज आला. “चित्र बघितलं होतं मी. म्हणालो काही नाही.”

“जिन्यावरच्या सावलीला वजन आहे, असं नाही म्हणालात?”

“सावलीला कसलं वजन?”

ताईंनी बाईंकडे वळून पाहिलं. पळून जायला दार होतं, पण बाईंना पळायचीही लाज वाटली.

“ते मी म्हणाले,” त्या म्हणाल्या. “सगळं मीच म्हणत आले. तुम्हालाही आणि भाऊंनाही. तुमच्या दोघांच्या तोंडी मीच घातलं. माझं चुकलं.”

बाहेर सुतार ठोकाठोक करत होता, तीही थांबली. मेला कान देऊन ऐकत असणार.

“ते मला ठाऊक आहे हो,” ताई म्हणाल्या.

“ठाऊक आहे?”

“अहो, हा माझा भाऊ! याच्या लेखी सावली म्हणजे ऊन नाही ती जागा. हा कशाला असलं बोलतोय?”

“मलाही पहिल्याच वर्षी कळलं होतं,” भाऊ पलीकडून म्हणाले. “ही माझ्या मूर्तीच्या मागे जाऊन बघेल? ही समोरूनसुद्धा भांडायच्या तयारीनेच बघते.”

बाई खुर्चीवर बसल्या.

“मग इतकी वर्षं तुम्ही दोघं ऐकून का घेत होतात?”

“का म्हणजे?” ताईंनी कंबरेवर हात ठेवले. “सगळं गाव तुमच्या चेहऱ्याकडे बघत बसतं, बाईंना आवडलं का, बाईंना आवडलं का. तुम्ही तोंड उघडाल तर शपथ! आणि मला दरवर्षी तुमची दोन वाक्यं घरपोच मिळायची, त्याच्या नावावर का होईना. ती मी का सोडू? वर्षभर त्यावर काम करायचे मी.”

भाऊंनी खांदा लावून पडदा बाजूला रेटला.

“मीसुद्धा,” ते म्हणाले, आणि मूर्तीवरची चादर ओढून काढली. “आता मध्ये कुणी नाही. सांगा बघू.”

बाकावर बसलेला एक म्हातारा होता, काम संपवून टेकलेला. बाई उठल्या आणि त्याच्याभोवती सावकाश फिरल्या. छान आहे म्हणून सुटता आलं असतं. एका खऱ्या मताने या घराचं काय झालं, ते त्यांना ठाऊक होतं. तरी त्या थांबल्या आणि म्हणाल्या,

“डावं मनगट जड झालंय. सगळा माणूस विसावलाय, मनगट तेवढं नाही.”

भाऊंचा चेहरा क्षणभर उतरला. मग त्यांनी पिशवीतून बारीक पटाशी काढली आणि तिची धार मनगटाला लावली.

“किती काढू?”

“थांब.”

ताई कधी जवळ आल्या ते बाईंना कळलं नाही. त्यांनी भावाचा हात बाजूला केला आणि वैद्याने नाडी बघावी तसं ते लाकडी मनगट दोन बोटांत धरलं. बराच वेळ धरून ठेवलं.

“बाबांचं आहे हे,” त्या म्हणाल्या. “मोडल्यावर वाकडं बसलं होतं ना, तेच.”

“मुद्दाम नाही केलं गं,” भाऊ म्हणाले. “हातच तिकडे गेला.”

“मग असू दे. लावू नकोस हात त्याला.”

भाऊंनी मान हलवली.

“म्हणजे माझंच चुकलं,” बाई हळूच म्हणाल्या.

“साफ चुकलं,” ताई पदराने चष्म्याखाली डोळे टिपत म्हणाल्या. “पण बोललात एकदाच्या. चला, आता माझं चित्र. आणि तूही ये रे. नुसतं छान आहे म्हणालास तर बघ.”

भाऊंनी पटाशी बाईंच्या हातात दिली आणि बहिणीच्या मागोमाग निघाले. बाईही निघाल्या. चित्राचा वरचा कोपरा ताईंनी घाईत संपवलाय, हे बाईंना मघाशीच दिसलं होतं.