एकतीस थ्रेड थांबले होते

मंगळवारी भरदुपारी होकिटिका नदी चढली, पण खोऱ्यात एकाही शेतकऱ्याचा फोन वाजला नाही. इयन मॅकलिशला पूर आल्याचं कळलं ते पाणी कुंपणाला लागल्यावर. मोठ्या गायी त्याने कशाबशा टेकाडावर हाकल्या. चोवीस वासरं गेली.

पुराचा इशारा देणारी यंत्रणा गावातल्याच एका लहानशा कंपनीने बांधलेली. हुइया पाकी तिथे सहा वर्षं प्रोग्रॅम लिहीत होती. बुधवारी सकाळी तिने अडकलेल्या सर्व्हरची नोंद उघडली आणि तिचं डोकं तापलं.

नदीवरच्या केंद्रातून पाण्याची पातळी आली की प्रोग्रॅम एक थ्रेड सुरू करायचा, म्हणजे इतरांबरोबर एकाच वेळी चालणारं एक छोटं काम. थ्रेड जन्मायचा, रांगेत उभा राहायचा, पाळी आली की धावायचा. पातळ्यांच्या यादीला हात लावण्याआधी, दुसरा कुणी मध्ये येऊ नये म्हणून, तिचं कुलूप घ्यायचा, नोंद झाली की सोडायचा, मग त्याचं आयुष्य संपायचं. मंगळवारी एका केंद्राने कोरा आकडा पाठवला आणि तो घेणारा थ्रेड कुलूप न सोडताच मेला. मागचे एकतीस थ्रेड त्या कुलपाची वाट बघत थांबले ते थांबलेच. थांबलेल्यांतला एकही मेला नव्हता, त्यामुळे यंत्रणा ठीक असल्याचा पडद्यावरचा दिवा हिरवाच राहिला आणि इशारा मात्र गेलाच नाही.

हे असं होऊ शकतं, हे हुइयाने मार्चमध्येच लिहून दिलं होतं. तिचा साहेब डेरेक याने खाली शेरा मारला होता, 'प्रत्यक्षात घडणार नाही', आणि विषय मिटवला होता.

दहाच्या बैठकीत डेरेक म्हणाला, "ड्यूटीवर विलिमोने होता. लक्ष नव्हतं त्याचं. त्याला लेखी ताकीद देतोय मी."

विलिमोने फिजीहून आलेला, मितभाषी माणूस. तो एवढंच म्हणाला, "दिवा हिरवा होता."

"दिवा काय, तू बघायला हवं होतंस."

"काय बघायला हवं होतं त्याने?" हुइया म्हणाली. "मी मार्चमध्ये लिहिलेलं तू तरी बघितलंस का?"

"हुइया, विषय वाढवू नकोस."

तेवढ्यात दार ढकलून मॅकलिश आत आला. बुटांना चिखल तसाच. त्याने खुर्ची घेतली नाही.

"काय झालं ते मला समजेल असं कोण सांगणार?" त्याने विचारलं.

डेरेक म्हणाला, "तांत्रिक बिघाड होता. फार गुंतागुंतीचं आहे."

"गुंतागुंत काही नाही," हुइया म्हणाली. "तुमच्या दूध काढायच्या शेडमध्ये एक गाय शिरली, आतून फाटकाची कडी लागली आणि गाय तिथेच मेली, तर मागच्या गायी काय करतील?"

"उभ्या राहतील. ओरडतील."

"आमच्या ओरडत नाहीत. मुकाट उभ्या राहतात."

मॅकलिशने तिच्याकडे रोखून बघितलं. "ती कडी अशी अडकते, हे तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

हुइयाने मार्चचा कागद शेऱ्यासकट त्याच्या हातात दिला.

"ही कंपनीची आतली बाब आहे," डेरेक म्हणाला.

"वासरं बाहेर मेली, डेरेक," हुइया म्हणाली.

दुरुस्ती तिने त्याच दुपारी केली. थ्रेड कसाही मेला तरी जाताना कुलूप सुटलंच पाहिजे, एवढंच. चार ओळी. पाच महिने ज्या चार ओळींना कुणाला वेळ नव्हता, त्या लिहायला तिला वीस मिनिटं लागली. याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

मॅकलिशने तो कागद प्रशासनाकडे नेला आणि चौकशी लागली. विलिमोनेची ताकीद एका ओळीच्या ईमेलने मागे घेतली गेली. डेरेकने त्याची माफी मागितली नाही. हुइयाने त्याला तोंडावर विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "ईमेल गेलंय ना."

चौकशीच्या अहवालात कारण लिहिलं होतं, 'संवादाचा अभाव'. हुइयाने ते वाक्य दोनदा वाचलं आणि चौकशी अधिकाऱ्यांना पत्र लिहायला बसली. 'संवादाचा अभाव नव्हता. मी सांगितलं होतं आणि मला नाही असं उत्तर मिळालं होतं. कृपया तसंच लिहा.'

विलिमोने शेजारी उभा राहून वाचत होता. "नोकरी जाईल तुझी," तो म्हणाला.

"जाऊ दे. तू खाली सही करतोस का, ते सांग."

त्याने खुर्ची ओढली आणि पेन घेतलं.