फेलिशियाच्या कपाटावरचा पहारा

मी एक जुने पितळी कुलूप आहे. मित्रांनो, जरा लांब उभे राहूनच ऐका. तुमच्यावर माझा राग नाही. पण कुणी फार जवळ आले की मला आधी त्याचे हात दिसतात, चेहरा नंतर. स्वभावाला औषध नसते म्हणून सोडून द्या.

माझा जन्म अलीगढच्या एका कारखान्यात झाला. वसईच्या बाजारातून मला भुईगावच्या आग्नेलने विकत घेतले आणि आपल्या केळीच्या वाडीतल्या पंपाच्या खोलीला लावले. तिथे मी पंचवीस वर्षे काढली. कुणी वाट चुकलो म्हणून यायचे, कुणी काडेपेटी मागायला यायचे, पण सगळ्यांचे डोळे पंपाच्या तांब्याच्या तारेवर. एकाने तर मला दगडाने चार घाव घातले. मी सुटलो नाही. दुसऱ्या दिवशी आग्नेलने मला तेल घातले आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून दाखवले. एवढे कौतुक माझे पुन्हा कधी झाले नाही. पुढे नवा पंप आला, त्याच्याबरोबर नवे कुलूप आले, आणि मी ओट्यावरच्या खिळ्याला लटकत खाऱ्या वाऱ्याने गंजत राहिलो. फार वाईट वाटायचे.

मग गेल्या ऑगस्टमध्ये आग्नेलची मुलगी फेलिशिया शिकायला डब्लिनला निघाली. आग्नेलने मला खिळ्यावरून काढले.

"हे जुनं कशाला देताय तिला?" त्याची बायको आल्बिना म्हणाली.

"यानं पंप राखला. तुझा मसाला नाय राखणार?"

हा मसाला म्हणजे काय ते सांगायला हवे. आमच्याकडच्या ख्रिस्ती घरांत मे महिन्यात वर्षाचा मसाला कांडतात आणि बियरच्या रिकाम्या बाटल्यांत ठासून भरतात. तपकिरी काचेत त्याचा रंग उडत नाही. आल्बिनाने तशा तीन बाटल्या टॉवेलांत गुंडाळून बॅगेत घातल्या. दोन बाटल्यांची लेबले निघाली होती, तिसरीचे हट्टाने चिकटून बसले होते.

"मम्मी, तिथे सगळं मिळतं गं," फेलिशिया म्हणाली.

"मिळतं ते त्यांचं. हा आपला हाय."

डब्लिनमध्ये फेलिशिया चर्चच्या सिस्टरांच्या वसतिगृहात राहू लागली. दारावरच नियम लिहिला होता: आत दारू सापडली तर खोली सोडावी लागेल. त्या शहरात दुसरी खोली मिळणे किती कठीण, हे ती निघण्याआधी दोन महिने रोज फोनवर शोधून शिकली होती. खोली गेली की शिक्षणही गेल्यासारखेच.

सामाईक स्वयंपाकघरात आठ मुलींची आठ कपाटे होती. कुलूप फक्त तिच्याच कपाटाला, म्हणजे मी. बाकीची सताड उघडी. असे उघडे ठेवणारे लोक मला भोळे वाटत नाहीत, बेरकी वाटतात.

त्यांच्यातल्या एलेनीवर तर माझी पहिल्या दिवसापासून नजर होती. ग्रीसची उंच मुलगी. फेलिशियाने मला उघडले की ही चमचा शोधायच्या निमित्ताने मागे येऊन उभी राहायची आणि खांद्यावरून आत बघायची. अशी खूप पाहिली आहेत, म्हटले. आज बघतेस, उद्या हात घालशील.

फेलिशिया मात्र पहिल्या दहा दिवसांत काहीच रांधत नव्हती. आईशी फोनवर बोलून झाले की ती यायची, लेबलवाली बाटली काढायची, बूच उघडून नाकाशी धरायची आणि रडायची. मग मला लावून, पाव घेऊन खोलीत जायची. "कशी आहेस?" असे एलेनीने दोनदा विचारले. "ठीक," एवढेच म्हणून फेलिशिया निघून गेली. मला बरे वाटले. मुलगी शहाणी आहे.

अकराव्या दिवशी दुपारी वसतिगृह सांभाळणाऱ्या सिस्टर आल्या. मागे एलेनी, मान खाली घालून.

"हे कपाट उघड," सिस्टर म्हणाल्या. बोलणे इंग्रजीत चालले होते, मी मराठीत सांगतो आहे.

फेलिशियाने चावी घातली. मी फिरलो नाही. गंज होताच, पण खरे सांगतो मित्रांनो, माझी इच्छाही नव्हती. परक्या माणसासमोर उघडायचे?

"चावी फिरत नाही की फिरवायची नाही?" सिस्टरांनी विचारले. "आत बियरच्या बाटल्या आहेत असं मला कळलंय. खरं असेल तर शनिवारी खोली रिकामी करावी लागेल."

फेलिशियाचा चेहरा पांढराफटक पडला. ती चावी फिरवत राहिली आणि मी हटून बसलो. तेव्हा पहिल्यांदा कळले की मी मसाला राखत नाही, पोरीला बुडवतो आहे. मला भयंकर लाज वाटली. ती धावत जाऊन डोक्याला लावायचे खोबरेल घेऊन आली आणि माझ्या भोकात ओतले. मी जीव खाऊन सुटलो.

सिस्टरांनी लेबलवाली बाटली उचलली, बूच काढले आणि जोरात हुंगली. मग त्या सात वेळा शिंकल्या. आठव्या वेळी त्यांना बसायला खुर्ची द्यावी लागली.

"हे जेवणात घालतात?" डोळे पुसत त्यांनी विचारले.

"आमच्या घरी सगळ्यात," फेलिशिया म्हणाली, आणि तिला रडूच फुटले.

एलेनी पुढे आली. "मीच सांगितलं त्यांना. तू बाटली तोंडाशी धरायचीस, डोळे लाल व्हायचे, कुणाशी बोलायची नाहीस. मला वाटलं तू एकटी पितेस. मला काळजी वाटली तुझी."

"मी फक्त वास घेत होते गं."

"मग मला सांगायचंस. मीही इथे पहिल्या महिन्यात बाथरूममध्ये रडायचे."

म्हणजे दहा दिवस ती खांद्यावरून बाटल्यांकडे नाही, पोरीकडे बघत होती, आणि मी तिचे हात मोजत बसलो होतो.

त्या संध्याकाळी फेलिशियाने अंड्यांचा रस्सा केला. एलेनीच्या नाकाडोळ्यांतून पाणी आले, तरी तिने तिसऱ्यांदा वाढून घेतला. जेवण झाल्यावर फेलिशियाने माझी दुसरी चावी काढून तिच्या हातात ठेवली. मी मनात खूप ओरडलो.

आता तिच्या हातानेही मी उघडतो. थोडा अडतो, मग उघडतो. मित्रांनो, आम्हां कुलपांना जरूर वापरा. पण माणसांच्या बाबतीत आमचा सल्ला घेऊ नका.