धिंगरीची देठं

बावीस वर्षं मी या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. एवढ्या काळात इथली एकच गोष्ट चोरून खाल्ली. पण खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही खोटं नाही.

आमच्या मॅडम खायच्या अळंबीत जंतांवरचं औषध शोधतात. मेंढ्यांच्या पोटातले जंत हल्ली नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत. म्हणून अळंबी वाटायची, अर्क काढायचा, जंतांच्या बशीत थेंब टाकायचे आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं, वळवळतात की गप्प पडतात. अकरा प्रकारच्या अळंब्या झाल्या, जंत आपले मजेत. बारावी धिंगरी. तिनं चोवीस तासांत अख्खी बशी गार केली. मॅडम नाचायच्याच बाकी होत्या.

प्रकल्पाला पैसे देणारी समिती म्हणाली, शुक्रवारी आमच्यासमोर पुन्हा दाखवा, नाहीतर प्रकल्प बंद. मॅडमची सहा वर्षं त्यात गेलेली.

या वेळी त्यांनी सगळं स्वतःच्या हातानं केलं. बुधवारी बशी पाहिली, तर जंत शाळा सुटल्यासारखे हुंदडत होते.

"काका, कुठं चुकलं हो माझं?" मॅडमचे डोळे भरून आले.

मला वाईट वाटलं आणि घामही फुटला. कारण कचऱ्याच्या डब्यात धिंगरीची देठं दिसत होती. चिवट म्हणून मॅडमनी कापून टाकलेली.

मागचा अर्क मी केला होता, नुसत्या देठांचा. छत्र्या? त्या चहाच्या खोलीत लोण्यावर परतून, वर मिरपूड घालून मी संपवल्या होत्या. शंभर ग्रॅम लिहिलं होतं, शंभर ग्रॅम भरलं. प्रयोगाचा माल खाणाऱ्याला कामावरून काढतात, हा नियमाचा कागद भिंतीवर मीच चिकटवलाय. बोलावं तर माझी नोकरी जाणार, गप्प बसावं तर मॅडमचं काम.

"मॅडम, देठं घेऊन बघा."

"का?"

"मागच्या वेळी छत्र्या मी खाल्ल्या होत्या."

त्या बघतच राहिल्या. "सगळ्या?"

"फार कोवळ्या होत्या हो."

"फ्रिजमधली टोपली काढा. आत्ताच्या आत्ता!"

शुक्रवारी समितीसमोर दोन बशा ठेवल्या. छत्र्यांच्या बशीत धुमाकूळ, देठांच्या बशीत चिडीचूप.

"देठं वेगळी करायचं कसं सुचलं?" अध्यक्षांनी विचारलं. माझी पाचावर धारण बसली.

"आमच्या काकांनी छत्र्या आधीच वेगळ्या तपासल्या होत्या," मॅडम शांतपणे म्हणाल्या. अध्यक्षांनी चक्क माझा हात हातात घेतला. प्रकल्प वाचला.

समिती गेल्यावर मॅडम उरलेल्या छत्र्या घेऊन चहाच्या खोलीत आल्या. "लोणी काढा."

मी परतून दिल्या. त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "छान झाल्यात. पण काका, मेंढ्यांचं भलं झालं. तुमच्या पोटात जंत असतील, तर ते मात्र मजेत."

घरी जाताना मी मूठभर देठं मागून घेतली.