वाईट मैत्रीण

खण्ण! दुपारच्या चिडीचूप घरात डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गोल गोल घुमत राहिलं. सुनेने खोलीतून डोकं बाहेर काढलं. सासूबाई ओट्याशी उभ्या, हातात लांबट बिस्कीट, चेहऱ्यावर ‘मी नाही त्यातली’.

“आई, साखर वाढलीय ना तुमची?”

“खात नव्हते गं. मऊ पडलीत का, बघत होते.”

सुनेचं काम पोरांच्या दोस्तीचा अभ्यास करण्याचं. टोळक्यात पोर पहिली सिगारेट का ओढतं आणि त्याला वेळीच कसं आवरावं, हे ती शोधायची. मागच्या आठवड्यात तिने एका शाळेत ‘ठामपणे नाही म्हणा’ असं नाटुकलं बसवलं, तर नववीचा अख्खा वर्ग पोट धरून हसला. “मॅडम, असं कोण बोलतं?” उद्या शेवटची संधी होती. पुन्हा फज्जा उडाला, तर मुख्याध्यापिका तिला फाटकातूनच परत पाठवणार होत्या.

“बिस्किटाचं कुणाला सांगत नाही,” ती म्हणाली, “पण तालमीला तुम्ही वाईट मैत्रीण व्हायचं. मला सिगारेट ओढायला लावायची.”

“अगं बाई! या वयात सुनेला बिघडवू?” म्हणाल्या खऱ्या, पण डोळे लकाकले.

आता त्या दरडावतील, भित्री म्हणतील, म्हणून सून कंबर कसून उभी राहिली. सासूबाई मात्र तिला शेजारी बसवून खांद्याला खांदा लावून बसल्या. बिस्कीट सिगारेटसारखं दोन बोटांत धरलं.

“नको? राहू दे गं. तुला कोण जबरदस्ती करतंय! तुझ्या वाटची जपून ठेवली होती, एवढंच. तू नसलीस ना, की आम्हाला कसं ओकंओकं वाटतं.”

“नको... म्हणजे...” पाठ केलेली ठाम वाक्यं कुठल्या कुठे पळाली. “बरं, एकच झुरका हं.”

“बिघडली!” सासूबाईंनी टाळी वाजवली. “आणि मी आवाजसुद्धा चढवला नाही!”

ओठांत बिस्कीट धरून हसता हसता सून थबकली. तिच्या नाटुकल्यातली वाईट मैत्रीण नुसती गुरगुरायची. पोरं हसतील नाही तर काय? त्यांना ओढून नेते ती माया. तिने भराभर संवाद खोडले.

“आई, उद्या शाळेत याल?”

“येईन की. पण वाईट मैत्रीण मीच हं!”

“मी पण वाईट मैत्रीण!” दारात डोळे चोळत सुनेची चिमुरडी लेक उभी होती.

सुनेने तिला मांडीवर ओढलं. मैत्रीण काही भलतंसलतं कर म्हणाली, तर गोड हसायचं आणि नाही म्हणायचं, असं समजावलं.

लेकीला बालवाडीत मैत्रीण अशी एकच होती. तिने बराच विचार केला.

“मग ती दुसरीशी खेळायला गेली, तर मी कुणाशी खेळू?”