कुणाच्या पेशी

रावयाने पहिल्या रांगेतली आपली पर्स उचलली आणि सभागृहाच्या मधोमध, माईकशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली.

"काय गं, गुरुजींचं दर्शन लांबून घेणार?" शेजारच्या खुर्चीवरून हमदीने डिवचलं. प्रोफेसर नशअतच्या प्रयोगशाळेत पूर्वी दोघं एकाच टेबलावर काम करायची. हमदी अजून तिथेच नोकरीला होता.

"इथून त्यांचं तोंड नीट दिसतं."

अलेक्झांड्रियाच्या त्या परिषदेत आज नशअतचाच बोलबाला होता. पडद्यावर मूत्रपिंडातल्या पेशी झळकल्या. जखमी पेशी बरी होता होता मध्येच अडकते, ते सांगू लागले. धड दुभंगत नाही, धड मरत नाही. नुसती बसून शेजारच्या पेशींना व्रणाचे धागे विणायला लावते, आणि हळूहळू सगळं मूत्रपिंड निबर होऊन जातं.

शब्दन् शब्द रावयाचा होता. या पेशी तिने जीव लावून वाढवल्या होत्या. एका भांडणाचं निमित्त करून नशअतनी तिला बाहेरचा रस्ता दाखवला, गोठवलेल्या कुप्या ठेवून घेतल्या आणि शोधनिबंधातून तिचं नाव उडवलं. आठवलं की अजून तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

निघताना तिने एक कुपी मात्र सोबत आणली होती. नव्या नोकरीत ती तपासली, तेव्हा कळलं की या पेशी माणसाच्या नाहीतच. नशअतच्या प्रयोगशाळेत, पेशी वाढवायच्या उबदार कपाटात, शेजारीच कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या पेशी वाढत असत. त्यातला एखादा थेंब कधीतरी चुकून इकडे पडला असणार, आणि त्या माजून माणसाच्या पेशी नाहीशा झाल्या असणार. थेंब कुणाच्या हातून पडला, याच्या खोलात रावया शिरली नाही. तिने ब्र काढला नाही. नशअतची फजिती तिला भर सभेत हवी होती. सकाळी चहाच्या वेळी तिने ट्यूनिसच्या फटकळ डॉ. दुर्रियांच्या कानात एवढंच घातलं होतं: "पेशी कुणाच्या, ते विचारा."

भाषण संपलं. दुर्रिया उठल्या.

"बाकी सगळं ठीक आहे हो, पण या पेशी माणसाच्याच आहेत, हे कुणी तपासलंय का?"

रावया पुढे सरकून नशअतच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. त्यांनी चष्मा काढला.

"या पेशी माझ्या नाहीत. डॉ. रावयाने वाढवल्या. शोधही तिचाच आहे. मी तिचं नाव गाळलं, ते चुकलं माझं. आज सगळ्यांसमोर सांगतो. आणि तपासणीचं म्हणाल, तर ती तपासल्याशिवाय कशालाच हात लावत नाही. ती बघा, तिथेच बसली आहे. तिलाच विचारा."

"ऊठ की!" हमदीने हसत माईक तिच्या हातात कोंबला.

सभागृह टाळ्यांनी दणाणलं. रावया उभी राहिली. टाळ्या थांबूच नयेत, असं तिला वाटत होतं.